कर्नाळ्याच्या दारात दुर्बीण मिळायला हवी

पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी धरली की बारा किलोमीटरवर कर्नाळा येतो. मुंबई-गोवा महामार्ग इथे अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर रानात शिरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. रविवारी सकाळी पनवेल, कामोठे, खारघरपासून थेट ठाणे-डोंबिवलीपर्यंतची मंडळी इथे येतात. तिकीट काढतात, गडाची वाट धरतात, सुळक्यासमोर फोटो काढतात, डबे सोडतात आणि ऊन चढायच्या आत उतरणीला लागतात. पक्षी अभयारण्यात अर्धा दिवस घालवलेल्या यातल्या बहुतेकांना कावळा, साळुंकी आणि एखादी घिरट्या घालणारी घार यापलीकडे पक्षी म्हणून काही दिसलेले नसते.

दोष त्यांचा नाही, रानाचाही नाही. १९६८ साली सुमारे साडेचार चौरस किलोमीटरच्या या टापूला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २००३ मध्ये हद्द वाढून क्षेत्र १२ चौरस किलोमीटरच्या घरात गेले. दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची इथे नोंद आहे. शीळकरी कस्तुर, भृंगराज, स्वर्गीय नर्तक, शामा, हळद्या, कुटुर्गा, सर्पगरुड ही सारी मंडळी याच वाटांच्या आसपास वावरतात. अडचण अंतराची आहे. वीतभर लांबीचा पक्षी तीस-चाळीस मीटरवर, पानांच्या गर्दीत, तोही सकाळच्या तिरप्या उन्हाकडे पाठ करून बसलेला असला, तर नुसत्या डोळ्यांना तो एक काळा ठिपका वाटतो. ठिपका उडून जातो आणि वाटसरू पुढे चालू लागतो. दिसत नाही म्हणून गोडी लागत नाही, आणि गोडी नाही म्हणून थांबून पाहिले जात नाही.

याच वाटांवर दुसऱ्या टोकाची माणसेही भेटतात. खांद्यावर तिकाटणे, गळ्यात हातभर लांबीची लेन्स, अंगावर रानाच्या रंगाचे कपडे. या साहित्याची किंमत लाखांत जाते. ते पाहून नवख्या माणसाची समजूत होते की पक्षी पाहणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे आणि आपले तिथे काम नाही. काहीच जवळ नसलेला आणि सगळेच जवळ असलेला, या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे. ती भरून काढणारी वस्तू तळहातावर मावते, शर्टाच्या खिशात बसते आणि काही हजार रुपयांत मिळते. तिला दुकानदार मोनोक्युलर म्हणतात. एका डोळ्याची, एका नळीची दुर्बीण. पनवेल परिसरात डोंगर चढणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात ती असावी, इथल्या शाळांच्या कपाटात असावी आणि कर्नाळ्याच्या तिकीटखिडकीवर अनामत ठेवून ती दिवसभरासाठी मिळावी, अशी मागणी करण्याची वेळ आता आली आहे.

मागणी करण्याआधी वस्तू नीट समजून घ्यायला हवी, कारण या बाजारात फसवणूक फार आहे.

मोनोक्युलरवर ८×२५ असे काहीतरी छापलेले असते. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो. आठ पट म्हणजे चाळीस मीटरवरचा पक्षी पाच मीटरवर बसल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. या दोघांचा भागाकार सर्वांत महत्त्वाचा, पण खोक्यावर तो सहसा कोणी ठळक छापत नाही. २५ ला ८ ने भागले की साधारण ३.१ येते. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत तेवढे मिलिमीटर रुंद असतो. भर उजेडात माणसाच्या डोळ्याची बाहुली दोन ते तीन मिलिमीटर एवढीच उघडलेली असते, म्हणून दिवसा ८×२५ पुरतो. झाडीतल्या अंधारात किंवा तिन्हीसांजेला बाहुली पाच मिलिमीटरच्या पुढे उघडते, आणि तेव्हा हाच मोनोक्युलर मंद वाटू लागतो. पक्षी निरीक्षक वापरतात त्या ८×४२ च्या दुर्बिणीत हा झोत सव्वापाच मिलिमीटरचा असतो. ती अंधुक उजेडात सरस ठरते ती यामुळेच. पण ती गळ्यात सहाशे ते आठशे ग्रॅमचे ओझे होऊन लोंबकळते, आणि ८×२५ चा चांगला मोनोक्युलर शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो.

आता फसवणुकीकडे. मोबाइलवर खरेदीचे कोणतेही ठिकाण उघडून मोनोक्युलर शोधला की ४०×६० असे लिहिलेल्या नळ्यांची रांग लागते. काहींवर शंभर पटीचे, काहींवर त्याहून अचाट दावे असतात. शेजारी चंद्राचे विवरांसकट चित्र. किंमत हजाराच्या आत. हा आकडा खरा मानला तरी वस्तू निकामी ठरेल, कारण ६० ला ४० ने भागले की दीड मिलिमीटर उरतो. म्हणजे चित्र अंधारलेले. शिवाय हाताचा प्रत्येक कंप चाळीस पट मोठा होईल, आणि एवढ्या अरुंद तुकड्यात पक्षी सापडेपर्यंत तो पुढच्या डोंगरावर गेलेला असेल. प्रत्यक्षात अशा नळ्या बहुधा आठ-दहा पटीच्याच निघतात. आकडा फक्त खोक्यावर मोठा असतो.

हे घरबसल्या तपासता येते. मोनोक्युलर उजेडाकडे रोखून हातभर लांब धरावा आणि डोळ्याकडच्या भिंगात दिसणारे उजळ वर्तुळ पट्टीने मोजावे. मग पुढच्या भिंगाचा व्यास मोजून त्याला या वर्तुळाच्या व्यासाने भागावे. भिंग ४० मिलिमीटर आणि वर्तुळ ४ मिलिमीटर भरले तर वस्तू दहा पटीची आहे, खोक्यावर काहीही छापलेले असो. याच तपासणीत आणखी एक गोष्ट कळते. वर्तुळ कडेपर्यंत स्वच्छ गोल असेल तर आतले लोलक चांगल्या काचेचे आहेत. कडा करड्या किंवा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर लोलक स्वस्तातले. भिंगावर दिव्याचे प्रतिबिंब हिरवट किंवा जांभळट दिसले तर त्यावर लेप आहे, पांढरेशुभ्र दिसले तर नाही. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतून वाया जातो, आणि एका मोनोक्युलरमध्ये अशी पृष्ठे बरीच असतात.

पटीचा मोह सोडावा. आठ पट पुरेशी आहे, सहा पटही चालते. दहा पट हातात स्थिर धरायला सराव लागतो आणि त्यापुढे तिकाटण्याशिवाय अर्थ नाही. पट कमी तेवढा दिसणारा पट्टा रुंद, आणि रानात पक्षी सापडणे हेच निम्मे काम असते. चांगल्या आठ पटीच्या मोनोक्युलरमधून हजार मीटरवर साधारण शंभर-सव्वाशे मीटर रुंदीचा देखावा दिसतो. चष्मा लावणाऱ्यांनी डोळा भिंगापासून पंधरा मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसते का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. ही सोय नसेल तर दर वेळी चष्मा कपाळावर चढवावा लागतो.

कोकणासाठी एक अट आणखी घालावी लागते. नळी पाणी न शिरणारी आणि आत नायट्रोजन भरलेली हवी. पावसाळ्यात गाडीच्या थंड हवेतून बाहेर पडले की साध्या दुर्बिणीची काच आतून धुरकट होते, आणि तीच दमट हवा आत राहिली की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. पनवेलमध्ये जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याच्या लेन्सना होणारा हा रोग फोटोग्राफरांना चांगला ठाऊक आहे. कातडी पाकिटात घालून कपाटात ठेवलेली दुर्बीण दसऱ्याला बाहेर काढावी तर काचेवर पांढरी नक्षी. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे, आणि नियमित वापर हा त्याहून स्वस्त.

दोन डोळ्यांची दुर्बीण ती दोन डोळ्यांचीच, हे मान्य करायला हवे. दोन्ही डोळे मिळून पाहताना फिक्या रंगांतला फरक अधिक स्पष्ट कळतो, खोली कळते, आणि तासभर पाहिले तरी शीण येत नाही. खाडीच्या चिखलावर दूरवर पसरलेले तुतवार आणि चिखल्या वेगळे ओळखायचे तर तिकाटण्यावरची मोठी एकनळी दुर्बीणच लागते. उडत्या थव्याचा पाठलाग मोनोक्युलरने करणे कठीण. पण हा युक्तिवाद ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याच्यासाठी. बहुतेकांपुढे निवड असते ती मोनोक्युलर की काहीच नाही यांमध्ये, आणि घरी कपाटात राहिलेल्या उत्तम दुर्बिणीतून आजवर एकही पक्षी दिसलेला नाही.

वापरण्याची हातोटी दहा मिनिटांत येते, पण ती कोणीतरी दाखवावी लागते. नवखा माणूस आधी नळी डोळ्याला लावतो आणि मग तिच्यातून पक्षी शोधत झाडभर फिरतो. करायचे ते उलट. आधी उघड्या डोळ्यांनी हालचाल टिपायची, नजर तिथेच खिळवून ठेवायची आणि मान न हलवता नळी नजरेच्या आड आणायची. पक्षी आपोआप वर्तुळात येतो. उजवा डोळा जोरकस की डावा, हे ठरवायला समोरच्या खांबावर अंगठा धरून एकेक डोळा मिटून पाहावे. ज्या डोळ्याने पाहताना अंगठा खांबावरून सरकत नाही तो आपला डोळा. दुसरा डोळा मिटायचा नाही. उघडा ठेवला की चेहरा आखडत नाही, आणि थोड्या सरावाने मेंदू त्याच्याकडचे चित्र बाजूला ठेवायला शिकतो. कोपर छातीला टेकवावे, पाठ झाडाला लावावी, श्वास सोडताना पाहावे. आणि सूर्याकडे कधीही रोखू नये. क्षणभराच्या चुकीने डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांच्या हातात देताना ही ताकीद पहिली द्यावी.

मुलांना सर्वांत जास्त आवडणारा उपयोग मात्र दूरचे पाहण्याचा नसतोच. मोनोक्युलर उलटा धरून मोठे भिंग डोळ्याकडे आणि लहान भिंग पानावरच्या मुंगीच्या अगदी जवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर नेले की तो झकास बहिर्गोल भिंगासारखा काम करतो. शेवाळाच्या फांद्या दिसतात, कोळ्याच्या डोळ्यांची रांग दिसते, रानहळदीच्या फुलावरचे परागकण दिसतात. कर्नाळ्यात पावसाळी सकाळी एखाद्या दगडाशेजारी मुलांचे टोळके या उद्योगात तास घालवू शकते आणि तोवर मोठ्यांना निवांत पक्षी पाहता येतात.

पनवेलसारखी जागा या छंदाला क्वचित मिळते. शहरातल्या वडाळे तळ्याच्या काठाने रोज सकाळी चालणारे शेकडो लोक वंचक आणि पाणकावळ्यांच्या शेजारून जातात. खाडीच्या बाजूला हिवाळ्यात शेकाट्यांचे लांब तांबडे पाय चिखलात रोवलेले दिसतात. थोडे पुढे ठाण्याची खाडी, जिथे रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचे नाव गेले. पूर्वेला गाढी नदीच्या वरच्या अंगाला देहरंगचे धरण, माथेरानची भिंत, प्रबळगड आणि कलावंतीण. प्रबळमाचीवरून कलावंतिणीच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर किती गर्दी झाली आहे, उतरणाऱ्यांची रांग किती अडली आहे, हे आठ पटीत स्वच्छ दिसते. वर जायचे की तासभर थांबायचे, हा निर्णय त्या एका नजरेने सोपा होतो. गडावर चढणाऱ्याच्या पिशवीत दोरी, पाणी आणि औषधे असतात, तसे हे शंभर ग्रॅमही असावेत.

कर्नाळ्याच्या सुळक्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. त्या कातळाला आग्या मोहोळाची पोळी लागतात. गोंधळ, धूर किंवा उग्र अत्तराच्या वासाने माश्या उठल्या की काय होते, हे सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांगायला नको. ही पोळी खालच्या वाटेवरून मोनोक्युलरने पाहता येतात. पोळ्यावरून लहर फिरल्यासारखी हजारो माश्यांची पोटे एकामागून एक उचलली जातात, तो शत्रूला दिलेला इशारा असतो. नशीब असेल तर त्या पोळ्यांच्या मागावर आलेली मोहोळ घारही दिसते. बोर घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा हा किल्ला. इथे टेहळणी करणाऱ्यांच्या हाती काच नव्हती, तीक्ष्ण नजर आणि भरपूर वेळ होता. आजच्या पर्यटकाकडे वेळ कमी आहे, म्हणून काचेची मदत अधिक हवी.

या सगळ्यात मोठा प्रश्न आहे तो तिबोटी खंड्याचा. रायगडचा हा जिल्हा पक्षी. चिमणीहून किंचित लहान, अंगावर नारिंगी, जांभळा, निळा, पिवळा असे रंग एकवटलेले. जूनमध्ये पावसासोबत तो कोकणातल्या ओढ्यांवर येतो, मातीच्या कडेत बीळ खोदतो आणि सप्टेंबरपर्यंत पिल्ले वाढवतो. सापसुरळ्या, बेडूक, खेकडे, कोळी असे काहीबाही चोचीत धरून नर-मादी दोघे बिळाशी ये-जा करतात. त्याचे येणे हा पक्षिवेड्यांसाठी सण असतो, आणि तिथेच घोळ होतो. घरट्याची जागा कळली की दुसऱ्या दिवसापासून समोर कॅमेऱ्यांची रांग लागते. पक्षी चोचीत घास धरून फांदीवर ताटकळत राहतो, कारण बिळासमोर माणसे बसलेली असतात. अन्न देण्याच्या खेपा कमी झाल्या तर पिल्लांचे पोट भरत नाही, आणि माणसांच्या वावराने शिकाऱ्यांनाही बिळाचा पत्ता लागतो.

घरट्यावरची छायाचित्रे अनेक पक्षिगटांनी आणि स्पर्धांनी नाकारायला सुरुवात केली, हे चांगले झाले. पण नुसत्या बंदीने ओढ जात नाही, तिला दुसरी वाट द्यावी लागते. फोटो चांगला यायचा तर पक्ष्याने चौकट भरावी लागते, आणि चौकट भरायची तर जवळ जावे लागते. नुसते पाहणाऱ्याला ती गरज नसते. तीस मीटरवरून, ओढ्याच्या पलीकडच्या काठाला झाडाआड उभे राहून मोनोक्युलरमधून तिबोटी खंड्याची लाल चोच, त्यातली धडपडणारी सापसुरळी आणि पाठीवरचा जांभळा पट्टा दिसतो, आणि पक्ष्याला कोणी आल्याचे कळतही नाही. फोटो मिळत नाही, हे खरे. भिंगाला मोबाइल टेकवून नोंदीपुरते चित्र घेता येते, मिरवण्यापुरते नाही. कर्नाळ्याच्या ओढ्यांवर पावसाळ्यात फोटोपेक्षा पाहण्याला मान मिळावा, हीच या लेखाची सर्वांत आग्रहाची बाजू आहे.

पाहणे या क्रियेनेच पक्षिशास्त्र कसे पालटले, याची दोन मोठी उदाहरणे महाराष्ट्रात घडली. डॉ. सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत. त्यांतल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांच्या दुनियेत शिरले. त्या काळात पक्षी अभ्यासायचा म्हणजे आधी मारायचा, अशीच रीत होती. पुढे नोकरी सुटल्यावर ते रायगड जिल्ह्यातल्या किहीमच्या घरी राहायला आले आणि १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणीच्या वसाहतीवर दिवसच्या दिवस नजर ठेवली. नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तर मुक्काम करते आणि मग नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो. सुगरणीच्या संसाराचा हा सगळा उलगडा गोळी झाडून झालेला नाही. तो बसून पाहिल्याने झाला. पनवेलपासून किहीम दोन-अडीच तासांवर आहे आणि सुगरणी आजही पनवेलच्या आसपासच्या शेतांवर माडांना आणि बाभळींना घरटी बांधतात.

दुसरे उदाहरण रानपिंगळ्याचे. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने सापडलेला नव्हता. तो नामशेष झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या रानात आले आणि ११३ वर्षांनी तो सापडला. साध्या पिंगळ्यापासून तो ओळखायचा कशावरून? माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद पट्टे, पाय पिसांनी पांढरे. या खुणा वीस-तीस मीटरवरून नुसत्या डोळ्यांना पटवता येत नाहीत. पुढे २०१४ मध्ये हाच पक्षी ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात आढळला, तेव्हा पश्चिम घाटाच्या उत्तर टोकालाही तो आहे हे कळले. पनवेलच्या रानात तो मिळेल असे कोणी म्हणत नाही. पण कोणत्या रानात काय आहे, हे पाहणाऱ्यांशिवाय कळत नाही.

आणि पाहणारे आता फक्त शास्त्रज्ञ राहिलेले नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा होता आणि तो सुमारे ३० हजार पक्षी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा होता. त्यात शिक्षक आहेत, बँकेतले कारकून आहेत, कॉलेजची मुले आहेत. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर कोणीही विनामूल्य नोंद करू शकतो. उरण-पनवेलच्या पाणथळ जागांवर भराव पडताना, विमानतळ आणि महामार्गांची कामे होताना इथे कोणते पक्षी किती होते, हा प्रश्न दर वेळी उपस्थित होतो. त्याचे उत्तर देणारी वर्षानुवर्षांची नोंद असेल तरच चर्चेला वजन येते. ती नोंद मुंबईहून येणाऱ्या तज्ज्ञांनी ठेवावी, अशी अपेक्षा पनवेलकरांनी का करावी?

म्हणून कर्नाळ्याच्या दारापासून सुरुवात व्हावी. राज्यातल्या कितीतरी गडांवर आणि अभयारण्यांत प्लास्टिकच्या बाटलीसाठी अनामत घेऊन परतताना ती परत करण्याची पद्धत रुळली आहे. तीच पद्धत मोनोक्युलरला लावता येईल. प्रत्येकी तीन हजारांचे वीस नग घेतले तर साठ हजार रुपये होतात. एखाद्या स्वागतकमानीच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. नग हरवतील, पडतील, फुटतील, अशी शंका अधिकारी काढतील. अनामत पुरेशी असली आणि नळीला मनगटात अडकवायची दोरी असली तर हे नुकसान मर्यादेत राहते. वर्षाला दोन-चार नग बदलावे लागले तरी बिघडत नाही. सार्वजनिक वाचनालयातलीही पुस्तके फाटतात, म्हणून कोणी वाचनालय बंद करत नाही.

देताना सोबत माणूस हवा, आणि तो दुरून आणायला नको. कर्नाळ्याच्या भोवती ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. तिथल्या तरुणांना कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कोणत्या ओढ्याला उतरतो, हे आवाजावरून कळते. एरवी हे ज्ञान गलोलीपुरते उरते. मोनोक्युलर कसा धरावा हे शिकवायला एक सकाळ पुरेल आणि मग पाहुण्यांना दोन तास फिरवण्याचे मानधन त्यांच्या घरात जाईल. शहरातून आलेल्या पाहुण्यांनाही पुस्तकात नसलेले काही ऐकायला मिळेल.

शाळांचे काम याहून सोपे. पनवेल महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रत्येकी दोन मोनोक्युलर विज्ञानाच्या कपाटात ठेवावेत आणि मुलांना शनिवार-रविवारसाठी घरी न्यायला द्यावेत. याचा एक वेगळा लाभही आहे. ज्या मुलांची दृष्टी चष्म्यानेही पुरेशी सुधारत नाही त्यांना डोळ्यांचे डॉक्टर फळा आणि बसची पाटी वाचण्यासाठी चार-सहा पटीचा छोटा हाती मोनोक्युलरच देतात. अशा मुलाला वर्गात तो काढायला संकोच वाटतो. वर्गातल्या सगळ्यांच्या हातून ही वस्तू फिरलेली असेल तर तो संकोच बराच कमी होईल.

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकार २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करते. त्या आठवड्यात पनवेलमध्ये व्याख्याने होतील, रांगोळ्या काढल्या जातील, चित्रकला स्पर्धा होतील. ते सगळे व्हावे. सोबत कर्नाळ्याच्या तिकीटखिडकीवर वीस मोनोक्युलर आणि एक जाड वही असावी. नळी परत करताना प्रत्येकाने वहीत तारीख, वेळ, कोणती वाट आणि दिसलेले पक्षी लिहावेत. नाव माहीत नसेल तर आकार, रंग आणि काय करत होता एवढे लिहिले तरी चालेल. महिन्याच्या शेवटी वनरक्षक आणि एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी बसून त्या नोंदी तपासतील, ओळख पटलेल्या ई-बर्डवर चढवतील आणि न पटलेल्यांसाठी पुढच्या रविवारी त्याच वाटेने जाऊन पाहतील.